क्लच नसलेल्या गाडीचा उन्हाळा

२००१ सालच्या एप्रिलमध्ये, द्राक्षांचा हंगाम संपून खरड छाटणी सुरू झाली त्या आठवड्यात, माझ्या काकांच्या जुन्या परदेशी जीपगाडीचा गिअरबॉक्स कसारा घाटात निकामी झाला. गाडी मुंबईच्या बाजूने नाशिककडे चढत होती. आत चार माणसं होती. गाडी काकू चालवत होती.

एप्रिलमध्ये निफाडकडे जाताना अजूनही आधी जाणवतो तो उजेड. फेब्रुवारी-मार्चमध्ये बागेत शिरलं की पानांच्या मांडवाखाली सावली असते, घड हाताला लागतात, मजूर बायका कात्री चालवत बोलत असतात. छाटणी झाली की तीच बाग उघडी पडते. तारा दिसतात, खोडं दिसतात, पलीकडच्या मळ्यातलं घर दिसतं. कापलेल्या काड्यांच्या टोकांतून पाणी ठिबकत राहतं आणि खालची माती जागोजागी ओली होते. हे पाहिलं की मला तापलेल्या इंजिनाचा वास आठवतो. या दोन्हींचा संबंध त्या एका उन्हाळ्यापुरताच आहे, पण तो सुटलेला नाही.

त्या वर्षी मी नाशिकच्या एका दैनिकात होतो आणि निफाड तालुक्याच्या बातम्या माझ्याकडे होत्या. हंगामात मुक्काम काकांच्या मळ्यावर असे. त्यांचा मुलगा शिकायला पुण्यात. घरात काका आणि काकू दोघंच. काकूचं नाव विमल. लहानपणी तिला पोलिओ झाला होता. डावा पाय बारीक राहिला. प्रत्येक पावलाला ती डावा हात डाव्या गुडघ्यावर दाबते आणि मग पुढे सरते. मी तिला कायम तशीच चालताना पाहिलं आहे. त्यामुळे चालताना तिच्या हातात कधी पिशवी नसे, कळशी नसे, कडेवर मूल नसे.

गाडी नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आली. अंबडच्या एका कारखान्यात आलेला परदेशी इंजिनिअर मायदेशी परतताना ती विकून गेला. तेव्हाही ती जुनीच होती. उंच, चौकोनी, गडद हिरवी, स्टिअरिंग डाव्या बाजूला. गावात लोकांनी विचारलं तेव्हा काकांनी सांगितलं, "लय भारी गाडी हाय. चिखलात अडकत नाय." खरेदीचं हेच कारण ते सगळ्यांना सांगत राहिले. संध्याकाळी त्यांनी काकूला ड्रायव्हरच्या जागेवर बसवलं आणि खाली बोट दाखवलं. खाली दोनच पेडल होती.

"क्लच नाय हिला," काका म्हणाले. "डाव्या पायाला कामच नाय. बघ."

काकूने बराच वेळ खाली पाहिलं. मग म्हणाली, "आणि गिअर कोण टाकतं?"

"तीच टाकते."

"मग तुम्ही काय करणार?"

"मी शेजारी बसून घाबरणार."

बागेच्या दोन पट्ट्यांमधून ओढ्यापर्यंत जाणारा कच्चा रस्ता होता. ती तिथे शिकली. मजूर बायका काम थांबवून बघत. त्यातली एक सखूबाई मोठ्याने विचारी, "विमलताई, हिची शिंगं कुठं धरायची असतात गं?" काकू काचेतून डोकं काढून म्हणे, "तुझ्या नवऱ्याचा कान धरतेस ना, तसंच धरायचं. जास्त वढायचं नाय." काही आठवड्यांत ती निफाडच्या बाजारात जाऊ लागली, मग ओझरपर्यंत, मग नाशिकला. गाडी चालवताना तिचा डावा हात मोकळा असे. हे लक्षात यायला मला वेळ लागला. तो हात कधी खिडकीकडे झेपावे, कधी केस सारखे करी, कधी बोलताना हवेत फिरे. जमिनीवर मी तो तसा कधी पाहिला नव्हता.

काकांना मात्र ती गाडी जमली नाही. आयुष्यभर ट्रॅक्टर आणि जीप चालवलेल्या माणसाचा डावा पाय आपोआप क्लच शोधतो. या गाडीत तो पाय रुंद ब्रेकवर पडे. गाडी जागच्या जागी गचकन थांबे आणि सगळे पुढे आदळत. दोन-तीनदा असं झाल्यावर काकूने जाहीर केलं की ह्यांनी मागेच बसावं.

गाडीचा दोष दुसऱ्या उन्हाळ्यात दिसायला लागला. ती तापायची. निफाडच्या बोअरचं पाणी जड आहे. हंड्याच्या बुडाला, मोटारीच्या पाइपला पांढरा थर बसतो. तेच पाणी आम्ही रेडिएटरमध्ये ओतत होतो. अंबडच्या मिस्त्रीने एकदा रेडिएटर उघडून आतला थर नखाने खरवडून दाखवला आणि थर्मोस्टॅट काढून टाकला. म्हणाला, "आता थंड राहील." ती राहिली नाही. काटा तांबड्या रेघेकडे चढे. बॉनेट उघडून, ओलं गोणपाट टाकून झाकण फिरवलं की वाफ फुसकन वर येई आणि गंजलेल्या पाण्याचा, तापलेल्या रबराचा वास सगळीकडे पसरे. कधी वेगळाच वास येई, करपलेल्या तेलाचा. तेव्हा इंजिन ओरडे, पण गाडी ओढत नसे. तो वास गिअरबॉक्सचा होता. आम्ही त्यालाही इंजिनाचाच समजत होतो.

त्या हंगामातलं मला सगळ्यात जास्त काय आठवत असेल तर हे रस्त्यावरचं थांबणं. सीटखाली पाण्याचे कॅन असत. कुठल्या शाळेत हातपंप आहे, कुठल्या ढाब्याचा माणूस कुरकुर न करता पाणी देतो, हे काकूला पाठ होतं. गाडी थांबली की काका आणि मी उतरायचो. काकू उतरत नसे. इंजिन निवेपर्यंत ती स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राही. समोर बागा, मागे कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग, डांबरावर थरथरणारी हवा. गावातले लोक येऊन बॉनेटमध्ये डोकावत आणि सल्ले देत. एकाने सांगितलं, हळद टाका, गळती थांबते. काकू आतून म्हणाली, "मीठ-मोहरी पण टाकू का?" अशा एका थांब्यावर तिने मला अक्काची गोष्ट सांगितली.

अक्का तिची थोरली बहीण. दोघींचं माहेर घोटीजवळच्या भातशेतीच्या गावात. शाळा पुढच्या वाडीत होती आणि वाटेत खाचरं. पावसाळ्यात अक्का विमलला पाठीवर घेऊन शाळेत नेई. चौथीपर्यंत नेलं. मग अक्काचं लग्न झालं, ती घाटाखाली शहापूरला गेली आणि काकूची शाळा सुटली. भाऊ नव्हता. आई-वडील गेल्यावर माहेरचं घर चुलत्यांकडे गेलं.

आमच्याकडे अक्षय्य तृतीयेला आखाजी म्हणतात. आखाजीला लेकी माहेरी येतात. त्यांना आणायला माहेरचं माणूस जातं, बहुतेक भाऊच. त्याला मुऱ्हाळी म्हणतात. मुऱ्हाळी आला नाही तर बाई आपण होऊन निघत नाही, मग तिच्या दारात एसटी थांबत असली तरी. अक्काकडे किती वर्षांत कोणी गेलं नव्हतं. तिने त्याबद्दल तक्रार केल्याचंही कोणी ऐकलं नव्हतं.

"या आखाजीला मी जाणार मुऱ्हाळी," काकू म्हणाली.

"बाई मुऱ्हाळी असते का कुठं?" मी विचारलं.

"असती. गाडी असली की असती." मग म्हणाली, "तिला पुढं बसवीन. घाट मी चढवीन. एवढंच हाय माझं."

रात्री जेवताना हे काकांच्या कानावर गेलं. त्यांनी नको म्हटलं नाही. ते म्हणाले, "आधी हिला थंड करू." मिस्त्रीला निरोप गेला. नवा रेडिएटर परदेशातून मागवावा लागेल, आखाजीच्या आत मिळणार नाही, असं त्याचं उत्तर आलं. तोवर लांब जाऊ नका, हेही त्याने कळवलं होतं.

हंगाम संपला की आमच्या भागातले शेतकरी ठिबकच्या नळ्या ॲसिडने धुतात. वर्षभरात नळ्यांत तोच पांढरा थर बसलेला असतो. पाण्याबरोबर ॲसिड सोडायचं, काही वेळ तसंच ठेवायचं, मग शेवटची टोकं उघडून सगळं वाहू द्यायचं. आधी तांबूस गढूळ पाणी येतं, मग स्वच्छ. काकांनी हे काम वर्षानुवर्षं केलं होतं आणि ते उत्तम करत. छाटणीच्या आदल्या दिवशी नळ्या धुऊन झाल्यावर कॅनमध्ये थोडं ॲसिड उरलं. काकांनी गाडी शेडबाहेर घेतली.

"तोच क्षार, तेच पाणी," ते मला म्हणाले. "नळी मोकळी होती, मग ही का नाय व्हायची?"

मला त्यात काही चूक दिसली नाही. काकांनी उरलेलं ॲसिड पाण्यात मिसळून रेडिएटरमध्ये ओतलं. काकू ओट्यावर बसून पाहत होती. वास सुटला तेव्हा तिने पदर नाकाला लावला. "गाडीला बागेचा वास यायला लागला," ती म्हणाली. खालचा कॉक उघडल्यावर आधी तपकिरी पाणी आलं, मग पांढरे खवले, मग स्वच्छ पाणी. काकांनी रेडिएटर अनेकदा धुतला. नवं पाणी भरलं. हात धुऊन चहा मागितला.

गाडी बरी झाली. हे नोंदवायला हवं, कारण नंतर हे कोणी बोललं नाही. भर दुपारी काकू ती नाशिकला घेऊन गेली आणि काटा मध्यापासून हलला नाही. दुसऱ्या दिवशी दिंडोरीकडे गेली, तरी नाही. कॅन सीटखाली भरलेले पडून राहिले. काका प्रत्येक चढावर मागून मान लांब करून काटा बघत आणि पुन्हा टेकून बसत. काकू म्हणाली, "मानेला ठिबक लावून घ्या तुमच्या."

आखाजीच्या दोन दिवस आधी आम्ही सकाळी निघालो. काकूने अक्कासाठी नवं लुगडं घेतलं होतं आणि बागेतली शेवटची द्राक्षं, उशिरा राहिलेल्या वेलींवरची. घाट उतरलो. शहापूरला अक्का दारात उभी होती. काळीसावळी, ठेंगणी, कमरेत वाकलेली. तिने आधी गाडीकडे पाहिलं, मग स्टिअरिंगकडे, मग काकांकडे.

"मुऱ्हाळी कोण?" तिने विचारलं.

"मी," काकू म्हणाली.

अक्का पदर तोंडाला लावून हसत राहिली. "विमे, तुला वाहून वाहून माझी कंबर गेली. आता तू वाह मला."

जेवण झालं. गाडी अंगणात झाडाखाली बंद उभी होती. पुढे मिस्त्रीने काढलेला निष्कर्ष असा, की पाणी गिअरबॉक्समध्ये शिरलं ते याच वेळी. या गाडीच्या रेडिएटरच्या खालच्या टाकीतून एक बारीक नळी जात होती आणि तिच्यातून गिअरबॉक्सचं तेल फिरत होतं. इंजिन थंड करणारं पाणीच त्या तेलालाही थंड करी. दोन्हींच्या मध्ये होता तो नळीचा पातळ पत्रा. ॲसिडने क्षार खाल्ला आणि मग तो पत्रा खाल्ला. गाडी चालू असेपर्यंत तेलाचा दाब पाण्याला अडवत होता, बंद होताच तो दाब गेला. हे त्या दुपारी आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं. अक्का काकूला वाढत होती आणि काकू पुरे म्हणत होती.

घाटाच्या निम्म्यात गाडी ढिली पडली. काकूने पाय दाबला. इंजिनाचा आवाज वाढला, वेग कमी झाला. काटा मध्यावरच होता. काका मागून म्हणाले, "काटा तर बरोबर हाय." काकूने पुन्हा दाबलं. करपलेला वास आला. मग इंजिन नुसतंच ओरडत राहिलं आणि गाडी हळूहळू थांबून मागे सरू लागली. काकूने ब्रेक दाबून ती कठड्याच्या बाजूला घेतली. मी उतरून चाकामागे दगड लावला.

काकांनी गिअरबॉक्सच्या तेलाची पट्टी ओढली. ते तेल एरवी डाळिंबाच्या रसासारखं लाल असे. पट्टीवर गुलाबी फेस होता. झाकण निवल्यावर रेडिएटर उघडला, त्यातही तोच गुलाबी फेस, लस्सीसारखा दाट. काकांनी तो बोटावर घेतला, वास घेतला आणि बोट पँटला पुसलं. ते बराच वेळ बॉनेटआडच उभे राहिले. काचेतून काकूला त्यांचा फक्त सदरा दिसत असणार.

लासलगावचा एक ट्रक मुंबईला कांदा उतरवून रिकामा परतत होता. ड्रायव्हर थांबला. साखळी होती त्याच्याकडे. मागची चाकं गिअरबॉक्सपासून सुटी करावी लागतील, एवढं त्याला बघताच कळलं. क्लीनरने खाली सरपटत जाऊन मागच्या चाकांकडे जाणारा दांडा खोलला. मग ड्रायव्हर काकूच्या खिडकीशी आला.

"ताई, तुम्ही मागं बसा. भाऊंना बसू द्या स्टिअरिंगला. इंजिन बंद म्हणजे ते दगडासारखं जड होतं, ब्रेकही नीट लागत नाय."

"ह्यांना ही गाडी येत नाय," काकू म्हणाली.

"अहो, ओढायचीच तर हाय."

"मग मला येतीच की."

त्याने काकांकडे पाहिलं. काका म्हणाले, "तिलाच बसू द्या."

साखळी ताणली गेली आणि गाडी हलली. आवाज फक्त पुढच्या ट्रकचा होता. काकूने दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं होतं आणि प्रत्येक वळणावर सगळं अंग त्याच्यावर घालत होती. वळण संपलं की तिचा रोखलेला श्वास सुटलेला ऐकू येई. धूर सरळ आत येत होता, पण काच वर करायला तिचा हात मोकळा नव्हता. शेवटी अक्काने शेजारून हात लांबवून तिच्या बाजूची काच फिरवून वर घेतली आणि पदराने तिचं कपाळ पुसलं. इगतपुरी मागे गेली तेव्हा अक्का म्हणाली, "चढला गं घाट." काकू म्हणाली, "ट्रकनं चढवला."

घोटीला बाजाराजवळ साखळी सोडली. मी बूथवरून फोन करून नाशिकहून एक जीप बोलावली. ती येईपर्यंत दोघी बहिणी चहाच्या टपरीपुढच्या बाकावर बसल्या. तिथून त्यांचं गाव दोन हाकांवर होतं. अक्का रस्त्यापलीकडे बोट दाखवून काही सांगत होती, भाताच्या गिरणीबद्दल असावं. काका बंद गाडीशेजारी उभे होते, चहा नको म्हणाले. आखाजीला अक्का मळ्यावर होती. काकूने पुरणपोळ्या केल्या, झोका बांधला. अक्का झोक्यावर बसली. हे सगळं रीतीप्रमाणे झालं.

अंबडला मिस्त्रीने रेडिएटर कापून ती नळी बाहेर काढली. जागोजागी चाळणी झालेली होती.

"भाऊ, यात ॲसिड कोणी घातलं?" त्याने विचारलं.

काका बोलायला लागले होते. त्यांच्या आधी काकू म्हणाली, "आमच्याकडचं पाणीच खराब हाय."

मिस्त्रीने एकदा तिच्याकडे, एकदा काकांकडे पाहिलं. मग पुढचं सांगितलं. हा गिअरबॉक्स इथे कोणी उघडत नाही. मुंबईच्या भंगार बाजारात शोधला, मिळाला नाही. पण एक रस्ता होता. "देशी गिअरबॉक्स बसवून देतो, साधा, क्लचवाला. मी बसवलेत आधी. इंजिन एकदम ओके आहे. दहा वर्षं बघायला नको गाडीकडे."

"बसवा," काकू म्हणाली. "ह्यांना तरी चालवता येईल."

"नको," काका म्हणाले.

"अहो, पण गाडी चालू राहील."

"नको म्हटलं ना."

मिस्त्रीने हात पुसत मला बाजूला घेतलं आणि विचारलं, काय प्रॉब्लेम आहे यांचा.

गाडी ओढत मळ्यावर आणली आणि पॅकिंगच्या शेडमध्ये उभी केली. पुढच्या हंगामात तिच्या मागच्या भागात खोक्यांचे पुठ्ठे रचले गेले, पुढच्या जागा तशाच ठेवल्या. काकांनी नवी जीप घेतली, क्लचची. काकू तिच्यात मागे बसे. निफाडला, नाशिकला जाणं पुन्हा कोणाच्या तरी सवडीवर आलं. ती नाशिकला आली की माझ्या खोलीवर येई, जिन्यात गुडघ्यावर हात दाबत. रस्त्यात कुठली नवी गाडी दिसली की विचारी, "हिला किती पेडल असतात रे?" मी सांगे, तीन. त्या वर्षांत शहरात बिनक्लचच्या गाड्या दिसायला लागल्या होत्या, पण मोजक्या, आणि आमच्या आवाक्याबाहेरच्या.

मला अजून त्या उन्हाळ्यातले ते दोन-तीन दिवस हवेसे वाटतात, काटा मध्यावर होता ते. दिंडोरी रस्त्याचा चढ, दोन्ही बाजूंना उघड्या बागा, काकूचा डावा हात खिडकीबाहेर वाऱ्यात. गाडी तेव्हा आतून खाल्ली जात होती आणि इतकी चांगली कधीच चालली नव्हती. काकांना आजही त्या दिवसांबद्दल विचारलं तर ते छाटणीबद्दल बोलायला लागतात.

काकूला लायसन्स कसं मिळालं याबद्दल घरात दोन हकीकती आहेत. काकांच्या हकीकतीत साहेबांनी तिला आठचा आकडा काढायला लावला आणि तिने तो दोनदा काढून दाखवला. काकूच्या हकीकतीत साहेब तिच्याकडे बघतच नव्हते. दोन पेडलची गाडी त्यांनी पाहिली नव्हती, ते गाडीच न्याहाळत बसले. खरं काय ते मी तपासलेलं नाही.

२००६ मध्ये त्या लायसन्सची मुदत संपत आली. घरात तेव्हा काकूला चालवता येईल अशी गाडी नव्हती. छाटणीचे दिवस होते. काका बाग मजुरांवर सोडून तिला नाशिकला आरटीओत घेऊन आले. दोघं दुपारपर्यंत रांगेत होते. लायसन्स पुढच्या पाच वर्षांसाठी मिळालं.